चार शीट आणि कारागंडाचा रस्ता

परत आल्यापासून केजमध्ये ज्याला त्याला एकच प्रश्न पडलाय. बाजारात भेटतात, बँकेच्या रांगेत भेटतात, शाळेतल्या माझ्या जुन्या मैत्रिणी तर घरी येऊन विचारतात, "बाई, एवढ्या मोठ्या देशात तुमी दोघं फिरलात तरी कशानं?" तिथं काय बघितलं, काय खाल्लं, थंडी होती का, हे सगळं नंतर. आमच्याकडची ही रीतच आहे. माणूस कुठं गेला यापेक्षा यष्टीनं गेला का जीपनं, याची चौकशी आधी होते. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

आमची गौरी कझाकस्तानात कारागंडा नावाच्या शहरात सहा वर्षं डॉक्टरकी शिकत होती. जूनमध्ये तिचा पदवीदान समारंभ होता. मी त्याच वर्षी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले होते. भूगोल शिकवण्यात जन्म गेला, पण नकाशाबाहेर कधी पाऊल पडलं नव्हतं. गौरीनं फोनवर बजावलं, "आई, अल्माटीला उतरलात की दुसरं विमान पकडा, दीड-दोन तासांत कारागंडा. बाकी कशाच्या भानगडीत पडू नका."

मी म्हटलं, "सहा वर्षं तू ज्या मुलखात राहिलीस तो मी ढगावरून बघू का?"

आप्पांनी मान डोलावली. आप्पा म्हणजे माझे मालक, विश्वनाथ. गौरी झाल्यापासून मीही त्यांना आप्पाच म्हणते. आमचं घर लिंगायत वाण्यांचं. बाजारपेठेत तीन पिढ्यांचं किराणा दुकान. थोरले दीर गादीवर बसले आणि आप्पांनी पंचविसाव्या वर्षी जीप घेतली. केज-अंबाजोगाई, काळीपिवळी. 'वाण्याचं पोरगं ड्रायव्हर झालं' म्हणून पाहुण्यारावळ्यांत बरीच बोलणी ऐकावी लागली. खरं सांगायचं तर मीसुद्धा स्टाफरूममध्ये कुणी विचारलं, "मिस्टर काय करतात?" तर "ट्रान्सपोर्टमध्ये आहेत" म्हणून वेळ मारून न्यायची. सव्वीस वर्षं त्यांनी ती लाइन चालवली. त्यांचा एकच अभिमान होता, तो ते कुणी न विचारताही ऐकवायचे, "आपल्या गाडीत एका शीटला खरचटलं न्हाई." शीट म्हणजे प्रवासी. जीपवाल्यांच्या भाषेत माणसाला माणूस म्हणत नाहीत.

अल्माटी

अल्माटीला आम्ही सोमवारी उतरलो. समारंभ शुक्रवारी दुपारी तीनला. मधे तीन दिवस. खोलीच्या खिडकीतून बर्फाचे डोंगर दिसत होते आणि खाली रस्त्यावर उन्हाळा होता. आप्पा खिडकीशी उभे राहून डोंगर नाही, चौकातली वाहतूक बघत होते.

"समदं उलटं हाय," ते म्हणाले. "स्टेअरिंग डाव्या अंगाला, गाड्या उजव्या अंगानं. पण हॉर्न न्हाई ऐकू आला आतापस्तोर."

मी पलंगावर नकाशा पसरला. आपल्या महाराष्ट्राएवढी आठ राज्यं आरामात मावतील एवढा तो देश, आणि त्यात माणसं साधारण आपल्या एकट्या मराठवाड्यात आहेत तेवढीच. म्हणजे गावापासून गावापर्यंत नुसता माळ. विमानाचा विचार आम्ही आधीच सोडला होता. भाड्याची गाडी घेऊन स्वतः चालवावी असं आप्पांच्या मनात क्षणभर आलं. त्यांच्या डोळ्यांत मला ते दिसलं. मग स्वतःच म्हणाले, "न्हाई. हात हुकंल. सव्वीस वर्षांची सवय डाव्या बाजूची हाय." वेगवान रेल्वे होती, काचबंद आणि गार. साधी रेल्वे होती, उघड्या डब्याची, म्हणजे आपल्या स्लीपरसारखी. बस होती. आणि बसस्टँडच्या बाहेर शेअर टॅक्स्या होत्या, त्या आम्ही चक्कर मारताना बघितल्या. ड्रायव्हर दाराशी उभे राहून पुढच्या गावाचं नाव तीन-तीनदा ओरडत होते. आप्पा जागच्या जागी थांबले आणि हसायला लागले.

"आगं, हे तर केजचं स्टँडच हाय की!"

पण तिथून थेट हजार किलोमीटर टॅक्सीनं जायला मी नाही म्हटलं. शेवटी ठरलं असं: बाल्खश तळ्यापर्यंत साधी रेल्वे, तिथं एक दिवस मुक्काम, आणि पुढं कारागंडापर्यंत बस. बाल्खश हा माझा हट्ट होता. एकाच तळ्याचं अर्धं पाणी गोडं आणि अर्धं खारं, हे मी कितीतरी वर्षं पोरांना सांगत आले होते. एकदा चाखून बघायचं होतं.

उघड्या डब्यात

डब्यात शिरताना दारातच एक बाई पासपोर्ट तपासते, मग तीच बिछान्याच्या चादरी देते, तीच चहाचे पेले देते. डब्याच्या एका टोकाला उकळत्या पाण्याचा मोठा बंब. चोवीस तास गरम पाणी. आम्ही घरून येसर नेलं होतं, धपाटे, शेंगाची चटणी. पेल्यात येसर टाकलं, वरून बंबाचं पाणी, आणि डबाभर आमच्या आमटीचा वास. माणसं वळून वळून बघायला लागली.

समोरच्या बाकावर एक म्हातारी होती. डोक्याला पांढरा रुमाल, तोंडात सोन्याचे दोन दात. तिकडं वडीलधाऱ्या बाईला 'अपा' म्हणतात, हे गौरीनं शिकवलेलं. मी "अपा" म्हणताच तिनं पिशवीतून गोल भाकरीसारखी पोळी काढली, मोडली आणि पुढं केली. "नान," ती म्हणाली.

"नान!" आप्पा ओरडले. "आगं, नान म्हन्ली ती!"

तिथून जे सुरू झालं ते विचारू नका. मी खिडकीबाहेर बोट दाखवून म्हटलं, "दुनिया?" तिनं मान हलवली, "दुनिये." मी घड्याळ दाखवलं, "वखत?" ती म्हणाली, "उआकित." दोस्ताला दोस. दुकानाला दुकेन. खबर ती खबार. आठवड्याला अप्ता, म्हणजे आमचा हप्ताच. मी वही काढली आणि शाळेतल्या पोरीसारखी लिहून घ्यायला लागले. वहीला ती दाप्तेर म्हणाली, म्हणजे आपलं दफ्तर, पेनाला कालाम.

डी.एड.ला मी पुण्यात होते तेव्हा माझ्या 'वखत' आणि 'खबर'वर अख्खी खोली हसायची. निजामाच्या मुलखातली भाषा, शुद्ध बोल, असं ऐकवायची. दोन वर्षं मी ते शब्द गिळून काढले. आणि हिमालयाच्या पलीकडे, रेल्वेच्या डब्यात, एक म्हातारी तेच शब्द एकेक करून माझ्या ओंजळीत परत टाकत होती. मला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते.

मग तिनं खुणेनं विचारलं, कुठं निघालात? मी मोबाईलवर गौरीचा पांढऱ्या कोटातला फोटो दाखवला. म्हातारी दोन्ही हात जोरात हलवत म्हणाली, "दारिगेर! दारिगेर!"

आप्पा एकदम सावरून बसले. "न्हाई न्हाई, अपा. आमी घेत न्हाई. आमी लिंगायत हाव."

शेजारच्या पोरीनं मोबाईलवर शब्द शोधून दाखवला तेव्हा कळलं, दारूचा काही संबंधच नव्हता. त्यांच्याकडं औषधाला दारी म्हणतात आणि डॉक्टरला दारिगेर. आप्पांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. वर त्या म्हातारीनं त्यांना पांढरी गोळी दिली, ती पेढा समजून त्यांनी अख्खी तोंडात टाकली. तो दह्याचा वाळवलेला, मिठानं भरलेला गोळा निघाला. थुंकता येईना, गिळता येईना.

सकाळी गाडी तळ्याच्या कडेनं धावत होती. तोंड धुऊन मी गळ्यातलं इष्टलिंग काढलं. घरी देवघरात बसून पूजा करायची सवय. इथं चालत्या गाडीत, परक्यांसमोर, मला अवघडल्यासारखं झालं. तळहातावर लिंग घेऊन मी भिंतीकडं तोंड केलं. म्हातारीनं ते बघितलं. तिनं शेजारच्या दोघांना बोटानं गप्प केलं आणि माझी पूजा होईपर्यंत हात मांडीवर ठेवून शांत बसून राहिली. मी डोळे उघडले तेव्हा तिनं दोन्ही तळहात आपल्या तोंडावरून फिरवले, त्यांच्या रीतीनं.

बाल्खश

तळं कसलं, समुद्रच तो. पलीकडचा काठ दिसत नाही. मी चपला काढून पाण्यात गेले, ओंजळ भरली. आम्ही होतो ती गोड्या अंगाची बाजू. पाणी गोडं, पण जिभेवर किंचित मचूळ, आपल्याकडं उन्हाळ्यात बोरचं लागतं तसं. आप्पांनीही चाखलं आणि म्हणाले, "तू खोटं न्हाई शिकविलं पोरास्नी." माझ्या निवृत्तीच्या कार्यक्रमात शाल मिळाली होती, भाषणं झाली होती. पण मला ते एक वाक्य जास्त मोलाचं वाटलं.

शुक्रवार, सकाळ

सातला बसस्टँडवर गेलो. खिडकीतली बाई म्हणाली, आज बस नाही. का नाही ते कळलं नाही. तिनं दोन्ही हातांची फुली करून दाखवली, बास. कारागंडा तिथून जवळपास चारशे किलोमीटर. समारंभ तीनला.

बाहेर एक नवी कोरी काळी गाडी उभी होती, तीन शीट बसलेले, ड्रायव्हर "कारागंडा, कारागंडा!" ओरडत होता. मी दार उघडायला धावले. आप्पांनी गाडीला एक फेरी मारली, वाकून टायर बघितले आणि माझा हात धरला.

"ह्यात न्हाई."

"कावून न्हाई? निघालीय ती!"

"टायर गुळगुळीत हाय. पार तार दिसायलीय. आन् एकच जागा हाय, आपण दोघं. मांडीवर बसवतो म्हनंल त्यो."

ती गाडी गेली. माझा चेहराच बोलत असणार. आप्पांनी मग एक जुनी, पांढरी गाडी निवडली. टायर धडधाकट, काच स्वच्छ, मागच्या सीटवर धुतलेली खोळ. ड्रायव्हर साठीचा, नाव सेरिक, डोक्यावर टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा. आप्पांनी त्याचा हात हातात घेऊन दाबला, जसा नव्या जीपवाल्याचा दाबतात. पण गाडी भरायला वेळ लागला. दहा वाजत आले तेव्हा पुढच्या सीटला सूट घातलेला एक माणूस मिळाला आणि मागे आमच्याशेजारी खारवलेल्या, धुरावलेल्या माशांचं गाठोडं घेऊन एक बाई. आम्ही शाकाहारी माणसं. चारशे किलोमीटर त्या वासात! मी नाकाला पदर लावला. बाईनं ते बघितलं, आणि गाठोडं उचलून डिक्कीत ठेवायला लावलं.

रस्ता सरळ. इतका सरळ की आपल्या बालाघाटाच्या वळणांवर वाढलेल्या माणसाला तो खोटा वाटावा. दोन्हीकडं पिवळट गवत, मधेच घोड्यांचा कळप, वर आभाळ. दोन तास असे गेले. मी घड्याळ बघत होते. अजून अर्धा रस्ता. पोचतो का नाही याचा हिशेब मनात चालला होता. गौरीचा मेसेज आला होता, 'कुठं आहात?' आणि मग रेंजच गेली.

आप्पा मात्र रस्ता बघत नव्हते. ते आरशात बघत होते.

"त्यानं चारदा मान चोळली," ते हळूच म्हणाले. "काच खाली घेतली, वर केली, परत खाली घेतली. झोपायलाय त्यो."

"चष्मा आहे त्याला. कसं कळतं?"

"सव्वीस वर्षं कळतंय. चूक माझीच हाय. गाडी बघितली, डोळे बघायचे ऱ्हाऊन गेले. चष्मा काढायला लावायचा व्हता."

तेवढ्यात गाडीचं चाक रस्त्याच्या कडेच्या खडीवर उतरलं, खडखडलं आणि परत वर आलं. मासेवाली बाई काही तरी ओरडली. आप्पांनी पुढं वाकून सेरिकच्या खांद्यावर हात ठेवला.

"दोस," ते म्हणाले. "दोस, थांब."

सेरिकनं मान हलवली, हात केला, की ठीक आहे, ठीक आहे. पुढचा सूटवाला भडकला. घड्याळावर बोट आपटून बोलायला लागला. त्याला घाई होती. मला त्याच्याएवढीच होती. माझ्या लेकीचं नाव पुकारतील तेव्हा तिथं कुणी नसेल.

मी म्हटलं, "अहो, जाऊ द्या. सोडा-पाणी पाजा त्याला, बोलत ठेवा. सहा वर्षं वाट बघितलीय मी."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. "गौरीची आई, पोरगी डॉक्टर झाली तर आईबाप जित्ते पायजेत का न्हाई?"

मोबाईलला रेंज नव्हती, भाषांतर करायला कुणी नव्हतं. आप्पांनी मग बोटांनी एकेक माणूस दाखवायला सुरुवात केली. सूटवाल्याकडं बोट. "जान." मासेवालीकडं बोट. "जान." माझ्याकडं. "जान." स्वतःकडं. "जान." आणि शेवटी सेरिकच्या छातीवर तळहात ठेवला. "जान."

तो शब्द त्यांच्याकडंही आहे, 'झान' म्हणतात. जीव. हे आप्पांना माहीत नव्हतं, माझ्या वहीतही नव्हतं. त्यांनी आपला शब्द टाकला आणि तो नेमका लागला. सेरिकनं गाडी कडेला घेतली. चष्मा काढला तर डोळे लालबुंद. मासेवाली बाईच पहिली बोलली, आणि ती सूटवाल्याला काय बोलली ते कळलं नाही, पण तो गप्प झाला.

आप्पांनी सीट मागं पाडली, आपला शर्ट गुंडाळून सेरिकच्या मानेखाली दिला आणि गाडीची चावी काढून खिशात टाकली. चाळीस मिनिटं. आम्ही चौघं बाहेर उभे. वारा असा की पदर धरावा लागत होता. मी धपाटे काढले. मासेवालीनं दोन खाल्ले आणि सूटवाल्याच्या हातातही एक कोंबला. आप्पा बनियनवर, गाडीच्या सावलीच्या बाजूला, घड्याळ बघत उभे. एक मिनिटही आधी उठवलं नाही. माझ्या मनात त्यांच्याबद्दल राग होता आणि त्याच वेळी असं वाटत होतं की हा माणूस स्टँडवर गाडी लावून उभा असताना मी सव्वीस वर्षं शेजारून, ओळख न दाखवता, छत्री आडवी धरून शाळेत गेले.

उठल्यावर सेरिकनं बाटलीभर पाणी डोक्यावर ओतलं आणि आप्पांचा हात दोन्ही हातांत धरला. पुढं तो नीट चालवत गेला. आप्पा पुढच्या सीटवर बसले. सूटवाल्यानंच जागा दिली. मधे रस्त्याचं काम चालू होतं, तिथं आणखी वेळ गेला.

कारागंडा

हॉलच्या दारात पोचलो तेव्हा चार वाजायला दहा मिनिटं होती. मंचावर दुसऱ्याच तुकडीची नावं चालली होती. गौरीचं नाव होऊन गेलं होतं.

मी तिथंच खुर्चीला धरून उभी राहिले. साडीवर धूळ, केस विस्कटलेले. गौरी गर्दीतून वाट काढत आली, काळा झगा, डोक्यावर ती चौकोनी टोपी. मला वाटलं चिडेल. तिनं आधी आम्हा दोघांचे हात-पाय चाचपले, खरंच, पेशंटचे बघतात तसे.

"फोन लागत नव्हता. काय झालं?"

मी रडत सगळं सांगितलं. बसचं, काळ्या गाडीचं, झोपेचं. म्हटलं, "तुझ्या आप्पांनी गाडी थांबवली. नाहीतर वेळेत आलो असतो."

"किती वेळ झोपू दिलं?" तिनं आप्पांना विचारलं.

"चाळीस मिन्टं," आप्पा म्हणाले. अपराध्यासारखं.

गौरीनं त्यांचा हात हातात घेतला. "आप्पा, गेलं वर्षभर माझी ड्यूटी अपघात विभागात होती. त्याच रस्त्यावरून जखमी येतात. पहाटेचे जास्त. ड्रायव्हर झोपला, एवढंच कारण असतं. आम्ही शिवतो, प्लास्टर घालतो, काहींना नाही वाचवता येत. मी आज मंचावर काय चाललंय ते बघितलंच नाही. दाराकडंच बघत होते."

आणि तिनं त्या झग्यातच वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. टोपी खाली पडली. शेजारच्या तिच्या मैत्रिणी, कझाक, रशियन, आपल्याकडच्या, सगळ्या बघायला लागल्या. कुणीतरी विचारलं असावं. गौरी उठून त्यांच्या भाषेत काही बोलली, त्यात एक शब्द मला कळला. 'ड्रायव्हर'ला ते 'शोफ्योर' म्हणतात, पण तिनं मुद्दाम 'ड्रायव्हर' म्हटलं, आणि मग आमच्याकडं वळून, "माझे वडील केज-अंबाजोगाई लाइनीचे ड्रायव्हर," असं मराठीत, मोठ्यानं. आजूबाजूला मराठी कळणारे पाच-सात जण असतील. मी वर बघितलं आणि म्हटलं, "हो, आणि मी त्यांची बायको."

सेरिक गेला नव्हता. तो दाराशी टोपी हातात घेऊन उभा होता. गौरीनं त्याला आत ओढलं. तिनं त्याच्याशी बोलून घेतलं, तेव्हा कळलं की तो रात्रभर चालवून दुसऱ्या बाजूची एक खेप करून आला होता आणि लगेच परत निघाला होता. त्यानं गौरीकडं बघून उजवा हात छातीवर ठेवला आणि म्हणाला, "दारिगेर." या वेळी आप्पांना अर्थ माहीत होता.

तिथं काढलेला फोटो आता आमच्या बैठकीत लावलाय. मधे झग्यातली गौरी, एका बाजूला धुळीच्या साडीत मी, दुसऱ्या बाजूला चुरगळलेल्या शर्टात आप्पा, आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकलेला एक परका, टोपीवाला माणूस. पाहुणे आले की हटकून विचारतात, हे कोण? गौरीचे सर का? तिकडचे मोठे डॉक्टर का?

आप्पा चहाची कपबशी खाली ठेवतात.

"न्हाई वो," ते म्हणतात. "आमच्या धंद्यातला माणूस हाय."